लिंकची रचना बदलली आणि जुन्या लिंका मेल्या? रीडायरेक्ट कुठे अडलाय ते असं शोधा

रात्री दहानंतर फोन येतो आणि पहिलंच वाक्य असतं, "काही विशेष नाही गं, लिंकमधली फक्त तारीख काढली." मी लॅपटॉप उघडतच पुढचं ऐकते. पाककृती, भटकंती, कविता, शेअर बाजार, विषय कुठलाही असो, बिघाड तोच असतो: लिंकची रचना बदलली, आणि जुन्या पत्त्यावर आलेल्याला नव्यावर नेणारा रीडायरेक्ट कुठेतरी अडला. गेल्या काही वर्षांत तो इतक्या वेळा निस्तरलाय की आता सगळं एकदाच लिहून ठेवते. बहुतेक जण वर्डप्रेसवर असतात, म्हणून उदाहरणं तिथलीच आहेत.

आधी लक्षण ओळखा

- मुखपृष्ठ उघडतं, पण कुठल्याही लेखावर गेलं की ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही'. लिंक जुनी असो की नवी.
- नव्या लिंका चालतात, जुन्या ४०४ देतात.
- जुनी लिंक उघडते, पण समोर भलताच लेख येतो.
- प्रत्येक जुनी लिंक मुखपृष्ठावर नेऊन सोडते.
- ब्राउझर 'खूप वेळा रीडायरेक्ट झालं' म्हणून हात टेकतो.
- तुमच्याकडे चालतं, मावशीच्या फोनवर चालत नाही. किंवा उलट.
- रोमन अक्षरांतल्या लिंका चालतात, मराठी अक्षरांतल्या चालत नाहीत. पत्त्यात कुठे %२५ (रोमन आकड्यांत %25) दिसत असेल तर तेही टिपून ठेवा, पुढे लागेल.

यातलं आपलं लक्षण कुठलं ते कागदावर लिहा. मी गंमत करत नाही. 'साइट बिघडली' एवढ्या माहितीवर लोक तीन-तीन प्लगिन टाकून मोकळे होतात आणि मग मूळ बिघाड कुठला आणि प्लगिनांचा कुठला हे कळायला अख्खी रात्र जाते.

कशालाही हात लावण्याआधी डेटाबेस आणि फाइली दोन्हींचा बॅकअप घ्या, आणि तो उघडून बघा. शून्य केबीची बॅकअप फाइल मी दोनदा पाहिली आहे.

१. इन्कॉग्निटोमध्ये उघडा (एक मिनिट, फुकट)

रीडायरेक्ट दोन जातींचे असतात. ३०१ म्हणजे कायमचं स्थलांतर, ३०२ म्हणजे तात्पुरतं. ३०१ मिळाला की ब्राउझर तो लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी सर्व्हरला न विचारताच तुम्हाला त्या पत्त्यावर नेतो. म्हणजे संध्याकाळी तुम्ही चुकीचा नियम लावला, तासाभराने दुरुस्त केला, तरी तुमचा ब्राउझर चुकीच्याच वाटेने जात राहतो. तुम्ही दुरुस्त झालेली गोष्ट पुन्हा पुन्हा 'दुरुस्त' करत बसता.

म्हणून आधी खासगी खिडकी, मग दुसरा फोन, तोही वायफाय बंद करून मोबाइल डेटावर. आणि चाचणी चालू असेपर्यंत नियम ३०२ नेच लावा. सगळं नीट चालतंय असं दिसलं की ३०१ करा. हा क्रम पाळला असता तर मला येणारे निम्मे फोन आलेच नसते.

२. पर्मालिंकचं पान उघडून काहीही न बदलता 'सेव्ह' दाबा

मुखपृष्ठ चालतं आणि बाकी सगळं ४०४, या लक्षणावर पहिला उपाय हाच. पर्मालिंक म्हणजे लेखाच्या पत्त्याची रचना, तिचं पान वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये असतं. लेखाच्या पत्त्याची फाइल सर्व्हरवर कुठेच नसते. आलेला पत्ता वाचून लेख शोधायचा कसा, याचे नियम वर्डप्रेस एकदा तयार करून डेटाबेसात साठवून ठेवतं. रचना एखाद्या प्लगिनमधून बदलली किंवा साइट दुसऱ्या सर्व्हरवर हलवली की हे नियम कधीकधी शिळे राहतात. सेव्ह दाबलं की ते नव्याने बनतात.

सेव्ह केल्यावर तिथेच खाली 'एचटीअ‍ॅक्सेस फाइल लिहिता आली नाही' असा मजकूर आला, तर परवानग्यांचा प्रश्न आहे, म्हणजे सर्व्हर ज्या फाइलीतून नियम वाचतो ती (.htaccess) बदलायची वर्डप्रेसला मुभा नाही. वर्डप्रेस जो मजकूर दाखवतं तो होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून स्वतः त्या फाइलीत चिकटवायचा. सर्व्हर एन्जिन-एक्सचा असेल तर तो ही फाइल वाचतच नाही, तिथे नियम सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमध्ये लागतात. लाइटस्पीड मात्र वाचतो.

३. कॅशे रिकामे करा, सगळे

कॅशे म्हणजे पानांची साठवलेली जुनी प्रत. ती प्लगिनची, होस्टिंगची आणि वाचक व सर्व्हर यांच्या मध्ये बसणारी क्लाउडफ्लेअरसारखी सेवा असेल तर तिचीही. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही. फक्त यातला एक विसरला जातो आणि तो नेमका तिसरा असतो.

४. भलताच लेख उघडतोय? वर्डप्रेस अंदाज करतंय

ही गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. पत्ता सापडला नाही तर वर्डप्रेस लगेच ४०४ देत नाही. पत्त्याचा शेवटचा तुकडा, म्हणजे स्लग, घेऊन त्या अक्षरांनी सुरू होणारा एखादा लेख मिळतो का ते बघतं, आणि मिळाला तर तिकडे पाठवतं. त्यामुळे तारीख काढली तरी बहुतेक जुन्या लिंका एकही रीडायरेक्ट न लावता चालतात आणि माणूस निर्धास्त होतो. पण जुना स्लग 'मोदक' होता, तो लेख तुम्ही काढून टाकलाय आणि 'मोदक-आमटी' नावाचा दुसरा लेख आहे, तर पाहुणा गोड मागायला येतो आणि त्याला आमटी वाढली जाते.

२०२० च्या ५.५ आवृत्तीपासून हा अंदाज बंद करता येतो किंवा नाव तंतोतंत जुळलं तरच लागू करता येतो. त्यासाठी थीमच्या फंक्शन्स फाइलीत एक ओळ घालावी लागते. मी ती सहसा घालत नाही. काढून टाकलेल्या लेखाचा नियम स्वतः लावते: पर्यायी लेख असेल तर तिकडे ३०१, नसेल तर सरळ ४१०, म्हणजे 'हे आता नाही'.

काही जण यावर सोपा उतारा काढतात, सगळ्या अनाथ लिंका मुखपृष्ठावर. तसं करू नका. मोदकाची कृती शोधत आलेल्या माणसाला मुखपृष्ठाचा काडीचाही उपयोग नसतो, आणि गूगलही असे रीडायरेक्ट 'सॉफ्ट ४०४' म्हणून धरतं. म्हणजे जुन्या लिंकची पुण्याई जायची ती जातेच.

५. जुन्या लिंकांची यादी खरी आहे का?

आता मूळ दुखण्याकडे येऊ. बहुतेक वेळा रीडायरेक्ट बरोबर लावलेला असतो, पण जो जुना पत्ता त्यात लिहिलाय तो कधी अस्तित्वातच नव्हता.

एका मैत्रिणीचं पाककृतींचं संकेतस्थळ आहे. गणपतीच्या दहा दिवस आधी तिने मराठी स्लग बदलून छोटे रोमन केले आणि जुन्या लेखांची यादी शीर्षकांवरून बनवली. शीर्षक होतं 'उकडीचे मोदक फुटू नयेत म्हणून काय करावे'. तिने शब्दांमध्ये आडव्या रेघा घातल्या आणि तो जुना पत्ता समजून नियम लावला. चालेना.

वर्डप्रेस स्लगसाठी जास्तीत जास्त २०० जागा देतं. रोमन शीर्षकाला त्या भरपूर होतात. देवनागरीचं एक चिन्ह मात्र पत्त्यात तीन बाइटांचं होऊन बसतं आणि प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह तीन जागा खातो. एकटा 'उ' म्हणजे %ई०%ए४%८९ (रोमनमध्ये %E0%A4%89), नऊ जागा! काना, मात्रा, उकार, हलन्त, प्रत्येकाच्या वेगळ्या नऊ. 'उकडीचे' सहा चिन्हांचा, 'मोदक' चार, 'फुटू' चार, 'नयेत' चार. मधल्या रेघा धरून इथवर १६६ जागा संपल्या. 'म्हणून'मधले म, हलन्त आणि ह कसेबसे मावले, १९३ झाले. 'ण' घेतला असता तर २०२, म्हणून तो बाहेर. खरा स्लग होता 'उकडीचे-मोदक-फुटू-नयेत-म्ह'. त्या लटकत्या 'म्ह'वर आम्ही रात्री एक वाजता मनसोक्त हसलो.

थोडक्यात, साधारण बावीस चिन्हांपुढचं मराठी शीर्षक पत्त्यात तुटतं. म्हणून यादी शीर्षकांवरून कधीही बनवू नका. ती पुढील ठिकाणांहून मिळते, सोप्याकडून अवघडाकडे: जुना साइटमॅप (साइटवरच्या पानांची यादी असलेली फाइल), गूगलच्या सर्च कन्सोलमधून उतरवलेली पानांची यादी, इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशिनवरची जुनी पानं, आणि शेवटी बदलाआधीच्या बॅकअपमधला लेखांचा तक्ता, त्यातला स्लगचा रकाना. रचना बदलायची बाकी असेल तर यादी आत्ता काढून ठेवा. नंतर काढणं म्हणजे घर पाडल्यावर त्याचा नकाशा काढणं.

फक्त स्लग बदलले असतील तर वर्डप्रेस प्रत्येक लेखाचा जुना स्लग आपणहून साठवून ठेवतं आणि तिथून नव्यावर पाठवतं. पण स्लग वर्डप्रेसच्या आतून बदलला तरच. मैत्रिणीने सगळे स्लग थेट डेटाबेसात एका फटक्यात बदलले होते, त्यामुळे ही सोय चाललीच नाही.

६. मराठी पत्त्यांचे खास रोग

यादी बरोबर असूनही फक्त मराठी लिंका अडत असतील तर पुढचं नीट वाचा.

पहिला रोग टक्क्यांचा. ब्राउझरमधून लिंक कॉपी केली की टक्क्यांची लांबच लांब माळ हाती येते. लोक ती तशीच एचटीअ‍ॅक्सेसमधल्या नियमात डाव्या बाजूला, म्हणजे जुन्या पत्त्याच्या जागी, चिकटवतात. अपाची सर्व्हर मात्र पत्ता आधी उलगडतो आणि मग नियमाशी ताडतो. त्याच्यासमोर 'उकडीचे' असतं आणि तुमच्या नियमात %ई०%ए४%८९. जुळणार कसं? डावीकडे सरळ देवनागरीत लिहा. फाइल यूटीएफ-८ मध्ये आणि बीओएम न घालता सेव्ह करा, नाहीतर फाइलीच्या सुरुवातीच्या तीन अदृश्य बाइटांपायी सगळी साइट ५०० ची चूक, म्हणजे सर्व्हरच्या आतला बिघाड, दाखवू शकते.

उजव्या बाजूला, म्हणजे नव्या पत्त्याच्या जागी, रीराइटच्या नियमात टक्क्यांचा पत्ता दिला तर सर्व्हर तो पुन्हा एन्कोड करतो, म्हणजे पुन्हा टक्क्यांत बदलतो. टक्क्याच्या चिन्हाचंच %२५ होतं आणि पत्ता %२५ई० असा सुरू होतो. वर टिपून ठेवायला सांगितलेलं %२५ हेच. नियमाला 'नो-एस्केप'चा झेंडा लावला की %२५ थांबतं, पण %८९ सारख्या तुकड्यातला %८ सर्व्हर वेगळ्याच अर्थाने वाचतो, म्हणून उजवीकडेही सरळ देवनागरीच लिहा.

दुसरा रोग जास्त खट्याळ. 'दुसऱ्या' हा शब्द दोन तऱ्हांनी टंकता येतो. एकात ऱ हे स्वतंत्र चिन्ह असतं, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, सर्व्हरसाठी दोन वेगळे पत्ते आहेत. 'अ‍ॅ'चंही तेच: अ, जोडचिन्ह आणि चंद्र अशी जुनी रीत, आणि युनिकोडमध्ये २००८ साली आलेलं स्वतंत्र अक्षर. लेख लिहिला तेव्हा एक कीबोर्ड होता, आज नियम टंकताना दुसरा. माझा नियम साधा आहे: मराठी पत्ता कधी टंकायचा नाही, जुन्या यादीतून उलगडून कॉपीच करायचा.

ब्लॉगरवरून आलेल्यांची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे मराठी शीर्षकाचा पत्ताच बनत नाही. वर्ष, महिना आणि पुढे 'ब्लॉग-पोस्ट', अंडरस्कोअर, एखादा आकडा, असं काहीतरी होतं. त्यावरून लेख ओळखणं अशक्य, म्हणून एकास एक यादीला पर्याय नाही. वर्डप्रेसच्या ब्लॉगर आयातकाने लेख आणले असतील तर प्रत्येक लेखाचा जुना पत्ता त्याच्या मेटा माहितीत सापडतो, तिथून यादी काढा. मोबाइलवरून शेअर झालेल्या जुन्या लिंकांच्या शेपटीला 'एम बरोबर १' (?m=1) असतं. चाचणी करताना तसलीही एक लिंक उघडून बघा.

७. नियमांचा क्रम आणि गोल गोल फिरणं

इथून पुढे एचटीअ‍ॅक्सेस फाइल उघडावी लागते. तिची एक प्रत आधी संगणकावर ठेवा. एका चुकीच्या अक्षराने सगळी साइट बंद पडते, पण जुनी प्रत हाताशी असली की फाइल मॅनेजरमधून मिनिटभरात पूर्ववत होते.

तुमचे नियम वर्डप्रेसच्या खुणेने बांधलेल्या भागाच्या वर हवेत. त्या भागाच्या आत लिहिलं तर पुढच्या वेळी कोणी पर्मालिंक सेव्ह केलं की पुसलं जाईल. त्या भागाच्या खाली लिहिलं तर तिथवर पाळी येणारच नाही, कारण तो भाग फाइल किंवा फोल्डर नसलेला प्रत्येक पत्ता स्वतःकडे ओढून घेतो. साधे 'रीडायरेक्ट' नियम आणि 'रीराइट'चे नियम एकाच फाइलीत मिसळूही नका. दोन वेगळी मॉड्यूलं आहेत, वरचा आधी आणि खालचा नंतर हा क्रम त्यांच्यात पाळला जाईलच असं नाही.

साधा 'रीडायरेक्ट' पत्त्याची सुरुवात जुळली की लागू होतो, पूर्ण पत्ता जुळायची वाट बघत नाही. '/पाककृती' ला '/पाककृती/गोड' वर पाठवलंत की नवा पत्ताही '/पाककृती'नेच सुरू होतो, म्हणून तो पुन्हा पाठवला जातो: '/पाककृती/गोड/गोड', मग '/पाककृती/गोड/गोड/गोड'. थोड्या फेऱ्यांनंतर ब्राउझर नाद सोडतो. पत्त्याचं शेपूट असं वाढत असेल तर रोग हाच.

शेपूट न वाढता फिरत असेल तर भांडण एचटीटीपी आणि एचटीटीपीएसचं, किंवा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असण्या-नसण्याचं. क्लाउडफ्लेअर 'फ्लेक्सिबल' एसएसएलवर आणि सर्व्हर एचटीटीपीएसची सक्ती करणारा, ही जोडी हमखास फिरते. क्लाउडफ्लेअर सर्व्हरकडे साध्या एचटीटीपीने जातो, सर्व्हर त्याला एचटीटीपीएसकडे परत पाठवतो, आणि हे चालूच राहतं. सर्व्हरवर प्रमाणपत्र बसवा आणि सेटिंग 'फुल स्ट्रिक्ट' करा.

तारीख काढण्यासाठी सहाशे नियम लिहायची गरज नसते. चार अंक, दोन अंक, दोन अंक आणि पुढे स्लग, एवढा एकच नमुना पुरतो. मात्र त्याने दिवसाच्या संग्रहाचं दुसरं पानही पकडलं जातं आणि वाचक मुखपृष्ठाच्या दुसऱ्या पानावर जाऊन पडतो. म्हणून तारखेनंतर फक्त एकच तुकडा असेल तरच लागू, असं लिहा. नमुन्यांची सवय नसेल तर 'रीडायरेक्शन' (Redirection) हे मोफत प्लगिन घ्या. त्यात जुनी पर्मालिंक रचना लिहून दिली की ते स्वतःच नव्यावर पाठवतं, शिवाय ४०४ ची नोंदही ठेवतं.

शेवटी टप्पे मोजा. डेव्हलपर टूल्सच्या नेटवर्क टॅबमध्ये 'प्रिझर्व्ह लॉग' चालू करून जुनी लिंक उघडा. आधी एचटीटीपीएस, मग डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू, मग शेवटची तिरकी रेघ, मग नवा पत्ता, असे चार ३०१ दिसले तर चालतंय खरं, पण मंद आहे. गूगलचा बॉट अशी साखळी दहा टप्प्यांपर्यंतच पाळतो. प्रत्येक जुना पत्ता थेट शेवटच्या पत्त्यावर न्या.

८. लेखांच्या आतल्या लिंका

रीडायरेक्ट पाहुण्यांसाठी असतो. आपल्याच लेखांतून आपल्याच जुन्या पत्त्यांवर जाणाऱ्या लिंका डेटाबेसात बदलायला हव्यात. पण एसक्यूएल फाइल उघडून शोधा-आणि-बदला करू नका. वर्डप्रेस बरीच माहिती मजकुराच्या लांबीसकट साठवतं. मजकूर बदलला आणि लांबीचा आकडा तोच राहिला की विजेट आणि थीमची सेटिंग्ज उडतात. डब्ल्यूपी-सीएलआय, म्हणजे टंकलेल्या आज्ञांनी वर्डप्रेस चालवायचं साधन, त्याची सर्च-रिप्लेस आज्ञा हे सांभाळते. आधी ती कोरडी चालवून किती ठिकाणी बदल होणार ते बघा, आणि 'जीयूआयडी' हा लेखाच्या कायमच्या ओळखीचा रकाना वगळा. तो बदलला तर फीडवरून वाचणाऱ्यांना तुमचे सगळे जुने लेख नवे म्हणून दिसतील.

सर्च कन्सोलमध्ये नवा साइटमॅप द्या. तिथलं 'पत्ता बदलला' हे साधन वापरू नका, ते डोमेन बदलणाऱ्यांसाठी आहे. रीडायरेक्ट किमान वर्षभर ठेवा असं गूगल सांगतं. मी तर काढतच नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपात दहा वर्षांपूर्वी टाकलेली लिंक कोण कधी उघडेल, सांगता येत नाही.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

- गूगलमधून किंवा मोबाइलवरून आलं की साइट जुगाराच्या किंवा औषधांच्या पानावर जाते, थेट पत्ता टाकला तर नीट उघडते. हा रीडायरेक्टचा बिघाड नाही, साइटमध्ये कोणीतरी घुसलंय. काहीही न पुसता लगेच होस्टिंगला कळवा.
- एचटीअ‍ॅक्सेसची जुनी प्रत परत ठेवूनही ५०० ची चूक जात नाही.
- सर्व्हर एन्जिन-एक्सचा आहे आणि कॉन्फिगरेशनला तुमचा हात पोचत नाही.
- साइटवर विक्री चालते. पेमेंट कंपनी पैसे जमा झाल्याचं ज्या पत्त्यावर कळवते, तो तुमच्या नियमात सापडला तर ग्राहकाचे पैसे जातात आणि ऑर्डर नोंदलीच जात नाही.
- डेटाबेस बदलायचा आहे आणि चालणारा बॅकअप नाही.
- हजारो लिंका आहेत आणि जुन्या-नव्यात कुठलाच नमुना दिसत नाही.

बोलवताना चार गोष्टी हाताशी ठेवा: जुन्या-नव्या लिंकांची यादी, बॅकअप, शेवटचा बदल कधी आणि कोणता केला ते, आणि बिघडलेल्या तीन लिंका, मजकूर म्हणून कॉपी केलेल्या. स्क्रीनशॉट पाठवू नका. चित्रातून ना ऱ कळतो, ना %२५ च्या पुढचं काही.